तेरजाबाय आणि दारावरचा येसू

चर्च बघायला कोणी आलं की आजकाल त्याला माझ्या ओट्यावर पाठवतात. फादर बाहेरगावी असतात, गेटवरचा वॉचमन नवा आहे, तो सरळ माझ्या दाराकडे बोट दाखवतो. मी किरिस्ताव नाही. धंद्याने गवंडी, शाळा चौथीपर्यंत, आणि माझं घर चर्चच्या भिंतीला लागून आहे, एवढाच माझा अधिकार. मागच्या महिन्यात कॉलेजची दोन पोरं आली. मोबाईल माझ्या तोंडापुढे धरून म्हणाली, "आजोबा, या चर्चचा इतिहास सांगा. थोडक्यात."

मी म्हटलं, "थोडक्यात होत नाही. आणि तो सांगणारा मी नव्हे. तो तेरजाबायनेच सांगावा."

"मग त्यांचा नंबर द्या ना."

नंबर! तेरजाबायने उभ्या आयुष्यात फोन कानाला लावला नाही. तिचा आवाज असा होता की तिला त्याची गरजच नव्हती. चर्चच्या पायरीवरून तिने हाक मारली तर पलीकडच्या मिरचीच्या पथारीवरच्या बाया माना वर करायच्या. पोरं निघून गेली, पण ते मला लागलं. म्हणून लिहितो आहे. शुद्धलेखनाचं ज्याचं त्याने बघून घ्यावं. या सगळ्या गोष्टीत भांडण शुद्धलेखनाचंच आहे, ते पुढे येईल.

नाव तेरेजा. गावाच्या तोंडी तेरजाबाय. बुटकी, रुंद हाडाची, नाकात चमकी, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तिचा आजा नवापूरच्या डोंगराकडून मजुरीला नंदुरबारात आला आणि इथलाच झाला. ती जन्मली इथे, वाढली इथे, बोलायची आमच्यासारखी अहिराणी. काम मिरचीच्या पथारीवर. ज्यांनी पथारी पाहिली नाही त्यांना सांगतो: मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, डोळा पोचेल तिथवर लाल, आणि बायका ओळीने बसून देठ खुडतात. तेरजाबायने जन्मभर देठ खुडले. तिच्या बोटांत मिरची अशी मुरली होती की साबण हरला. त्यामुळे तिने कधी कुठल्या लेकराच्या गालाला हात लावला नाही. लेकरू पुढे आलं की कोपराने त्याच्या डोक्याला आशीर्वाद द्यायची.

चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं. येणारा बोट बुडवतो आणि कपाळाला लावतो. तेरजाबाय तिथेही कोपर बुडवायची. त्याचं कारण तीच सांगायची. तरुणपणी एकदा ती पथारीवरून थेट मिस्सेला आली, मिस्सा म्हणजे त्यांची रविवारची पूजा, आणि विसरून तिने पाण्यात पाची बोटं घातली. तिच्यामागून आलेल्या सगळ्यांनी ते पाणी कपाळाला लावलं, काहींनी डोळ्यांना. "त्या दिवशी लोके असा रडनात," ती सांगायची, "गुड फ्रायडेले बी कधी इतला रडनात नही. फादरले वाटनं, आपलं भाषन चांगलं व्हयनं."

ती बसली की शेजारची रांग शिंकायची. फादर पाठमोरे असले तरी ओळखायचे कोण आलं ते. कोणी तोंड वाकडं केलं तर ती हटायची नाही. "शिंक बाबा, शिंक. देवले बी समजू दे तू उना शे ते." असं तोंडावर बोलायची. लाजणं तिला माहीत नव्हतं. चार फादर बदलले, चौघांशी ती भांडली, आणि चौघं जाताना तिच्याच घरी जेवून गेले.

माझ्याशी तिचं जमायचं, कारण मीही कोणाचं ऐकत नाही. दुपारी पथारीवरून परत येताना ती माझ्या ओट्यावर टेकायची, पाणी मागायची आणि चर्चमधली सगळी गाऱ्हाणी माझ्यापुढे ओतायची. मी एकदा विचारलं, "बाय, मला कशाला सांगतेस? तुझ्या लोकांना सांग."

"आमना लोकेसले सांगं ते त्या फादरले जाईसन सांगतीन. तू हिंदू शे, तू कोले सांगशी?"

आता इतिहास. बाहेरचं कोणी आलं की तेरजाबाय दाराच्या पायरीवर बसायची आणि आधी विचारायची, "खरं सांगू, का चांगलं सांगू?" शहरातले लोक हटकून म्हणायचे, खरं सांगा. मग ती पदर खोचायची. "मंग बठा. येळ लागी."

तिने सांगितलेलं असं. पहिला फादर गोरा, परदेशातला. त्याचं नाव ती दर वेळी वेगळं सांगायची, म्हणून मी ते लिहीत नाही. पांढरा झगा, पत्र्याची पेटी, अंगात ताप, असा तो रेल्वेतून उतरला आणि बाजाराच्या दिवशी कांदेवाले आणि बांगडीवाले यांच्या मधोमध उभा राहिला. आपल्या भाषेतला एकच शब्द त्याला येत होता. हात वर करून तो ओरडायला लागला, "येसू! येसू!"

तो त्याच्या देवाचं नाव घेत होता. पण आमच्या अहिराणीत 'येसू' म्हणजे 'येईन'. कोणी बोलावलं की माणूस म्हणतो, येसू. निघतानाही तेच. 'जातो' म्हणायचं नाही, ते अभद्र. "येसू बरं" म्हणायचं आणि पाय उचलायचा. तर एक गोरा माणूस उन्हात उभा राहून सगळ्या बाजाराला ओरडून सांगतो आहे, मी येईन, मी येईन. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हा कोणाकडे येतो म्हणतो? कोणाचा पाहुणा? पाहुणा भर बाजारात येतो येतो म्हणतो आणि कोणी हो म्हणत नाही, ही गावाला लाज. शेवटी तेरजाबायची आजी शेंगांच्या पाटीमागून उठली.

"'ये ना बापू,' मन्ही आजी बोलनी. 'कोन नही म्हनस?' आणि त्याना हात धरीसन घर लई उनी."

घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. गोऱ्याने घास घेतला आणि डोळ्यांतून धारा. आजा म्हणाला, "दखा, याले मायनी याद उनी." म्हणून आजीने माया करून आणखी ठेचा वाढला.

तो फादर त्यांच्याच ओट्यावर राहिला. तिथेच पहिली मिस्सा झाली, आणि पुढे त्याच जागेवर हे चर्च उभं राहिलं. मधल्या काळात तो भाषा शिकला, आणि एक दिवस त्याला कळलं की बाजाराने त्या दिवशी काय ऐकलं. इथे तेरजाबायच्या गोष्टीला तीन शेवट होते. एकदा सांगायची, तो इतका हसला की बाजेची दोरी तुटली. एकदा सांगायची, तो रडला. एकदा सांगायची, तो चूक सुधारायला धावत बाजारात गेला आणि न बोलताच परत आला. एका पाहुण्या मॅडमने तिला पकडलं. म्हणाली, "आजी, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

तेरजाबायचा चेहरा हलला नाही. "तीन दिवसनी गोष्ट शे, बाई. येक दिवस हासना, येक दिवस रडना, तिसरा दिवस बजारमा गया. तुम्ही येकच दिवस उन्यात, त्याले मी काय करू?"

चर्च बांधून झालं तेव्हा त्या फादरने दारावर दगड बसवला. काळा दगड, दीड हात लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड. त्यावर दोनच अक्षरं: येसू. ना प्रभु, ना ख्रिस्त, ना साल. कोरणारा आमच्याच धंद्यातला कोणी असणार. मी त्या अक्षरांवर पुष्कळदा बोट फिरवलं आहे. छिन्नी खोल आणि धीराची. 'ये' जरा अंग चोरून उभा आहे, 'सू' ऐसपैस बसला आहे. भीत भीत सुरुवात केली आणि मग लक्षात आलं की जागा भरपूर आहे. लोकांनी विचारलं, हे देवाचं नाव की येईन म्हणतोस? फादर म्हणाला, ज्याला जे वाचायचं ते वाचा. हे मात्र तेरजाबाय दर वेळी सारखंच सांगायची.

तिच्या नवऱ्याचं नाव सिमोन. गरीब स्वभावाचा माणूस, तिच्यापुढे त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. तो सुरतेला रंगाच्या कारखान्यात होता, महिन्यातून एकदा यायचा. एका उन्हाळ्यात तो तिकडेच वारला. उन्हाळा कडक, सोबतच्या लोकांनी वाट न पाहता तिथेच पुरून टाकलं. तेरजाबाय पोचली तेव्हा मातीचा ढीग. तिकडे ती रडली नाही, असं तिच्यासोबत गेलेले सांगत होते. परतीच्या गाडीतही नाही.

स्टेशनवरून ती घरी गेली नाही, चर्चला आली. रविवार होता, मिस्सा सुटत होती. मी माझ्या भिंतीवर गिलावा करत होतो, सगळं पाहत होतो. ती दारात, त्या दगडाखाली उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. आतले लोक आत अडले. मग तिने मान वर केली आणि अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं ओरडली, "येसू!"

मला वाटलं, देवाला हाक मारते आहे. मग ती लोकांकडे वळून म्हणाली, "सिमोन निरोप न लेताच गया. त्याना निरोप मी लिधा. आते जाऊ द्या त्याले." आणि दारातून बाजूला झाली.

तेव्हापासून इथे ती रीतच पडली. मयताची मिस्सा आटोपून पेटी बाहेर निघाली की दारात त्या दगडाखाली खांदेकरी थांबतात. मेलेल्याचं जे कोणी जवळचं असेल ते त्याच्या वतीने म्हणतं, "येसू." मग पेटी पुढे. मी बांधकामाच्या निमित्ताने बऱ्याच गावांची चर्चं पाहिली, असं कुठे नाही. एका म्हाताऱ्या फादरने तेरजाबायला सांगितलं होतं की बाई, हे आपल्या पुस्तकात नाही. ती म्हणाली, "पुस्तकमा मन्हा सिमोन बी नही."

मग आले फादर विल्सन. केरळकडचे, तरुण, उंच, कामाला वाघ. पोरींसाठी शिवणवर्ग काढला, पोरांसाठी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. मराठी पुस्तकातून शिकलेले, वाक्य आधी मनात जुळवून मग बोलायचे. चर्च गळत होतं हे खरं. समोरचा गिलावा फुगला होता हेही खरं. दुरुस्ती काढली ते चांगलंच केलं. कमिटीचे पुढारी ग्रेगरी सर. जन्मभर मराठी शिकवून रिटायर झालेले, पाटीवरची चूक दिसली की दुकानात शिरून दुकानदाराला सांगणारे. त्यांनी ठरवलं, समोरची बाजू नवी करायची, दारावर ग्रॅनाईट, त्यावर सोनेरी अक्षरात 'प्रभु येशू ख्रिस्त'. जुना दगड काढायचा.

मीटिंगला मला अंदाज द्यायला बोलावलं होतं, म्हणून मी हजर. तेरजाबायला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसली होती. दोन्ही बाजूंचे लोक शिंकत होते.

ग्रेगरी सर समजुतीने बोलले. "बाई, ते अशुद्ध आहे. श पाहिजे, शहामृगातला. दीडशहाण्या गवंड्याने बोलतात तसं कोरून ठेवलं. बिशप येणार, बाहेरचे लोक येणार, दारातच चूक दिसते."

दीडशहाणा गवंडी हे मी मनात ठेवलं. तेरजाबाय उभी राहिली. "सर, तुम्ही मन्ही पोर मरियमले नापास करं. आते देवले बी नापास करतस का?"

लोक हसले. सरही हसले असते, पण ते सर होते.

फादर विल्सन म्हणाले, "आजी, देव अक्षरांत राहत नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या ना अक्षर. देवले काय अडचन शे?"

फादरांनी घड्याळ पाहिलं. "मला दवाखान्यात एका पेशंटला भेटायचं आहे. मी जातो."

मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने क्रूसाची खूण केली. तेरजाबाय तर विसरूनच गेली की हे फादर आहेत. "जातो नको म्हनू रे पोऱ्या! येसू म्हन."

"बरं, बरं. येतो."

"येतो नही. येसू."

फादर हसून निघून गेले. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि ते तिने ध्यानात ठेवलं.

दगड काढायचं काम आधी माझ्याकडे आलं. मी नाही म्हटलं. ग्रेगरी सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं, पाठ दुखते. पाठीला काहीही झालेलं नव्हतं. दीडशहाण्या गवंड्याला पाठ दुखवून घेता येते. मग त्यांनी गुजरातच्या बाजूचा एक ठेकेदार आणला. त्याच्या माणसांनी परांची बांधली, वर चढले, आणि सकाळच्या उन्हात तेरजाबाय दोन पोती मिरची घेऊन हजर. देठ, चुरा, फुटकी, सगळी. चर्चच्या पायऱ्यांवर, परांचीच्या पायाशी, दाराच्या दोन्ही अंगांना तिने ती नीट पसरली आणि काठीने हलवायला बसली. वारा चर्चकडेच होता. वरच्या गड्याने छिन्नी लावली की शिंक, हातोडा उचलला की शिंक. एक जण खाली उतरला तो नळाखाली डोकं धरूनच बसला.

ग्रेगरी सर नाकाला रुमाल लावून आले. "बाई, हे काय चाललंय?"

"तुमनं काम चाली ऱ्हायनं, मन्हं बी चाली ऱ्हायनं. देवनं आंगन शे, उन चांगलं पडस."

फादर विल्सन खिडकीतून पाहत होते. ते रागावले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी जपमाळेची प्रार्थना घेतली, तीही शिंकत शिंकत, आणि म्हणतात की अधूनमधून त्यांचं हसू फुटत होतं. पण काम थांबवा असं ते बोलले नाहीत. कमिटीने ठरवलेलं, ते कसं थांबवणार.

मिरची वाळेपर्यंत दगड वाचला. मग मरियमच्या सासरी खांडबाऱ्याला लग्न निघालं, नातीचंच. तेरजाबायला जावं लागलं. ती तिकडे हळद कुटत होती तेव्हा इकडे दगड उतरला.

ती परत आली ते मी ओट्यावरून पाहिलं. मी कान गच्च करून बसलो होतो. आता आकाश फाटणार. पण ती ओरडली नाही. सिमेंटच्या गोण्यांशेजारी दगड भिंतीला टेकून ठेवला होता, एक कोपरा उडालेला. ती त्याच्यापाशी गेली, पदराने अक्षरांतली धूळ पुसली, आणि घरी गेली. त्या दिवशी माझ्याकडे पाणी मागायलाही थांबली नाही. पुढे कितीतरी दिवस ती आली, गेली, कोपर पाण्यात बुडवला, मिस्सा ऐकली, एक शब्द कोणाशी बोलली नाही. मला ते बरं वाटेना. भांडणारं माणूस गप्प झालं की घर रिकामं वाटतं, आणि ते तर माझं घरही नव्हतं. ग्रॅनाईट यायला उशीर होत होता. दारावर नुसतं भगदाड, आतल्या विटा उघड्या.

तशात दाविद हमाल गेला. पथारीवर मिरचीची पोती वाहायचा, तिथेच बसल्या बसल्या मान टाकली. मिस्सा झाली, पेटी दारापर्यंत आली, आणि चारी खांदेकरी सवयीने थांबले. सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. वर विटा.

दाविदच्या बायकोचं नाव राहेल. ती पेटीच्या पुढे आली आणि उंबऱ्यावर बसली. "असा कसा जाई हाऊ? काय बोलीसन जाई?"

ग्रेगरी सर पुढे झाले. "ताई, प्रार्थना झाली आहे. चला आता."

ती हलेना. खांदेकऱ्यांनी खांदा बदलला. दाविद हमाल होता, वजनाचा माणूस. फादर विल्सन हातात पुस्तक घेऊन आतून आले. "काय झालं? कोणी सांगेल का मला?" तेव्हा तेरजाबाय इतक्या दिवसांनी बोलली.

"फादर, त्याले निरोप लेवाना शे."

"मी इथे आणखी एक आशीर्वाद देतो, आजी. चालेल?"

"आशीर्वाद तुम्ही दिधा, चांगला दिधा. निरोप त्याना शे. तो तुम्ही कसा देशात?"

फादरांनी वर भगदाडाकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या दगडाकडे. मला वाटतं त्याच वेळी त्यांना ते समजलं. मी कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा होतो, शेजारधर्म म्हणून आलेला. तेरजाबाय माझ्याकडे वळली.

"आप्पा, तुन्ही पाठ बरी शे का आते?"

मी म्हटलं, "बरी आहे."

परांची अजून तशीच होती, दाराच्या दोन्ही अंगांना फळ्या. मी डाव्या बाजूने चढलो. खालच्या लोकांनी दगड दोराने वर दिला. उजव्या फळीवर चढेल असा उंच माणूस पाहिजे होता, आणि उंच होते ते सगळे पेटीखाली. फादर विल्सननी हातातलं पुस्तक ग्रेगरी सरांच्या हातात दिलं, पांढरा झगा कमरेला खोचला आणि ते वर चढले. आम्ही दोघांनी दगड दाराच्या वर धरला.

"उलटा शे!" तेरजाबाय खालून ओरडली.

खरंच उलटा होता. तो जड धोंडा हवेत फिरवताना माझा जीव गेला. फादरांच्या बोटाला खरचटलं. पण फिरवला आणि धरला. अक्षरं बाहेर, सरळ.

राहेल उठली. पेटी आमच्या हातांखाली आली आणि थांबली. ती म्हणाली, "येसू." मोठ्याने नाही, शेजारणीला सांगून बाजारात जावं तसं. आणि दाविद गेला.

माझ्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, फादर विल्सन होते. तोंडावर विटांची धूळ. त्यांचे ओठ हलले. शब्द त्यांनी बरोबर उच्चारला, आमच्या लोकांसारखा, शहामृगाशिवाय. खाली कोणाला ऐकू गेलं नसेल. मला गेलं.

दुसऱ्या दिवशी ग्रेगरी सर स्वतः माझ्या ओट्यावर आले. चहा घेतला. म्हणाले, "ग्रॅनाईट आतल्या बाजूने लावू. आत शुद्ध, बाहेर तुमचा." माणूस मोठा, हे मी तेव्हा कबूल केलं, अजूनही करतो. दगड मी बसवला, सिमेंटने नाही, चुन्यात, घोटून. तेरजाबाय खाली उभी राहून मान तिरकी करून बघत होती.

"डावाकडे येक बोट खाले शे."

मी पातळी बघायची पाणसळ लावून दाखवली. ती म्हणाली, तुझी पाणसळ वाकडी. मी म्हटलं, तुझी मान वाकडी. आठवडाभर आमचं हेच चाललं. दगड सरळ आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन मोजावं.

त्यानंतर तिचा दम वाढला. जन्मभराची मिरची छातीत बसली होती. डॉक्टरने पथारी बंद केली, आणि पथारी बंद झाल्यावर ती निम्मी झाली. मग मरियम तिला खांडबाऱ्याला घेऊन गेली. तिकडेच, उपासाच्या दिवसांत, ईस्टरच्या आधी ती वारली. तिकडेच पुरली. इथले बरेच लोक जाऊन आले, फादर विल्सनही. तिचा निरोप इथे दगडाखाली येऊन घ्यायचा म्हणून मरियम एकदा आली, दारात उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, आणि काही न बोलता परत गेली. लोकांनी नावं ठेवली. मी ठेवली नाहीत. कारण तेरजाबाय खांडबाऱ्याला निघाली त्या सकाळी मी तिथे होतो.

रिक्षा गेटपाशी उभी होती, मरियम आत बसलेली. पथारीवरच्या बाया काम सोडून आल्या होत्या. फादरांनी तिचं गाठोडं उचललं होतं. ती मिस्सेतून सावकाश बाहेर आली आणि दारात, दगडाखाली थांबली. ती आता म्हणेल, सगळ्यांना वाटलं. राहेलने तर पदर तोंडाला लावला. तेरजाबायने वर पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग खाली बघून मला म्हणाली, "आप्पा, तठे सू ना पोटमा चुना निंघी ऱ्हायना. दखी ले."

एवढंच. फादरांच्या हाताला कोपर लावून ती पायऱ्या उतरली, रिक्षात बसली, आणि रिक्षा सुटली. तो शब्द तिने मुद्दामच म्हटला नाही.

मी शिडी लावली, चढलो, 'सू'च्या पोटात बोट फिरवलं. चुना जागच्या जागी होता, दगडासारखा घट्ट. तिला सांगायला म्हणून मी वळलो. रिक्षा रस्त्याच्या वळणाला लागली होती आणि तिचा पदर बाहेर लोंबत होता, चाकाच्या अगदी जवळ.

"बाय! पदर आत घे!" मी शिडीवरून ओरडलो.

तिने मागे वळून पाहिलं नाही. लाल बोटांचा हात तेवढा बाहेर आला, पदर आत ओढला, आणि रिक्षा वळली.